अमेरिकेतली तारीख चुकली तर? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी निवडलेली पत्रं एकाच विषयाची आहेत: अमेरिकेतल्या इमिग्रेशन कोर्टात तारखेला हजर न राहण्याचे परिणाम. मजकूर थोडा आटोपशीर केला आहे आणि पत्रलेखकांची नावं गाळली आहेत.

प्रश्न : मुलगा एम.एस.साठी टेक्सासला गेला. मध्येच शिक्षण सुटलं, व्हिसाची स्थिती गेली आणि इमिग्रेशन कोर्टाची नोटीस आली. नंतर त्याने खोली बदलली. पुढच्या तारखेचं पत्र जुन्या खोलीवर गेलं असावं, त्याला मिळालं नाही. आता 'रिमूव्हल ऑर्डर', म्हणजे देशाबाहेर काढण्याचा आदेश, झाल्याचं कळतंय. इथले ओळखीचे वकील म्हणतात, एकतर्फी आदेश आहे, फिरवता येईल. खरंच येईल का? (जुळे सोलापूर)

निम्मं खरं आहे. आदेश फिरतो, पण मोजक्या कारणांनीच, आणि इथल्या कोर्टाच्या सवयी तिथे नेल्या की घात होतो. आपल्याकडे दिवाणी दाव्यात एकतर्फी हुकूमनामा झाला तर तो रद्द करून घ्यायला तीस दिवस असतात, उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्ज जोडता येतो. पुकाऱ्याला पक्षकार नसला तरी वकील मुदतीचा अर्ज देऊन पुढची तारीख घेतो. इमिग्रेशन कोर्टात माणूस नसला, की सरकारी वकिलाने दोन गोष्टी दाखवायच्या असतात: लेखी नोटीस दिली होती आणि हा माणूस देशाबाहेर काढण्यास पात्र आहे. न्यायाधीशाचं समाधान झालं की त्याच दिवशी आदेश निघतो. एरवीच्या आदेशावर अपील करायला मुदत असते, ती संपेपर्यंत तो अंतिम होत नाही. गैरहजेरीतला आदेश निघताक्षणी अंतिम. त्यावर थेट अपीलही चालत नाही. आधी त्याच कोर्टात 'मोशन टू रीओपन', म्हणजे प्रकरण पुन्हा उघडण्याचा अर्ज, द्यायचा; तो फेटाळला गेला तरच वर बोर्डाकडे, म्हणजे इमिग्रेशन अपिलं ऐकणाऱ्या मंडळाकडे, जाता येतं.

कारणं तीन. नोटीस मिळालीच नाही, हे पहिलं. याला मुदत नाही. तारखेच्या दिवशी तो माणूस तिथल्या सरकारच्याच कोठडीत होता आणि गैरहजेरीत त्याची चूक नव्हती, हे दुसरं. यालाही मुदत नाही. तिसरं 'असाधारण परिस्थिती'. याला आदेशाच्या तारखेपासून १८० दिवस. आदेश कधी कळला यावर ही मोजणी अवलंबून नसते, आणि इथेच बरेच जण फसतात.

तुमच्या मुलाचं सगळं प्रकरण पत्त्यावर उभं आहे. खटला सुरू करणाऱ्या कागदाला 'नोटीस टू अपिअर' म्हणतात. पत्ता बदलला तर कोर्टाला कळवण्याची जबाबदारी तुमची, ही सूचना त्यातच असते. त्यासाठी ईओआयआर-३३ नावाचा फॉर्म असून तो पत्ता बदलल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत भरायचा असतो. पोरं काय करतात, कॉलेजच्या कचेरीत नवा पत्ता देतात, बँकेत देतात, फार तर यूएससीआयएस, म्हणजे व्हिसा-ग्रीन कार्डाचे अर्ज हाताळणारी सरकारी कचेरी, हिचा एआर-११ फॉर्म भरतात. एआर-११ही लागतोच, त्याची मुदत दहा दिवसांची. पण ते खातं गृहसुरक्षा विभागाचं आणि कोर्ट न्याय खात्याचं. एकाला कळवलं म्हणजे दुसऱ्याला कळलं असं होत नाही.

म्हणून मुलाला आधी एवढंच विचारा: ईओआयआर-३३ भरला होता का? भरला असेल आणि तरी पत्र जुन्या पत्त्यावर गेलं असेल, तर त्याची बाजू भक्कम आहे. भरला नसेल आणि पहिली नोटीस त्याच्या हातात पडली होती, तर जुन्या पत्त्यावर पाठवलेलं पत्रही कायद्याने बजावलेलं ठरतं आणि पहिलं कारण बहुतेक हातचं जातं. पहिली नोटीसच कधी मिळाली नसेल तर गोष्ट वेगळी, कारण पत्ता कळवायचा असतो हेच त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

एक जुनी पळवाट अजून सांगितली जाते, तिच्यावर विसंबू नका. पहिल्या नोटिशीवर तारीख-वेळ नव्हती, म्हणून सगळंच रद्द, असा युक्तिवाद काही वर्षं चालला. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅम्पोस-चावेझ प्रकरणात पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की नंतर तारीख-वेळ असलेलं सुनावणीचं पत्र दिलं गेलं असेल तर तेवढ्या त्रुटीवरून गैरहजेरीतला आदेश रद्द होत नाही.

आता कामाचा क्रम. नोटिशीवर 'ए' या अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो, त्याला ए-नंबर म्हणतात. तो कोर्टाच्या ऑनलाइन माहिती सेवेवर किंवा १-८००-८९८-७१८० या स्वयंचलित फोनसेवेवर टाकला की आदेशाची तारीख आणि कोर्ट कळतं. फोन अमेरिकेतल्या माणसालाच लावायला सांगा. त्यानंतर कोर्टाकडे खटल्याची फाइल आणि सुनावणीचं ध्वनिमुद्रण मागवा. फाइलमध्ये बघायच्या गोष्टी बारीक असतात: पत्र कोणत्या पत्त्यावर पाठवलं, त्यात अपार्टमेंटचा नंबर होता का, टपालखात्याने पाकीट परत केल्याचा शिक्का आहे का. ही पत्रं रजिस्टर्डने येत नाहीत, साध्या टपालाने येतात. साधं टपाल पोचलं असं कोर्ट गृहीत धरतं खरं, पण रजिस्टर्डच्या मानाने हे गृहीतक कच्चं आहे आणि ते पुराव्याने मोडता येतं. मुलाचं आणि खोलीतल्या जोडीदाराचं प्रतिज्ञापत्र, आधीच्या तारखांना हजर असल्याची नोंद, हजर राहण्यात त्याचा फायदाच होता हे दाखवणारा एखादा प्रलंबित अर्ज, आणि कळल्यावर त्याने किती लवकर हालचाल केली, हे सगळं तोललं जातं.

अर्जासोबत आदेशाची प्रत, नव्या पत्त्याचा ईओआयआर-३३, प्रतिज्ञापत्रं, पुरावे आणि सरकारी वकिलांच्या कचेरीला प्रत दिल्याचा दाखला लागतो. नोटीस न मिळाल्याच्या कारणाला फी नाही. असाधारण परिस्थितीच्या अर्जाला आहे आणि जुलै २०२५ च्या कायद्याने ती हजार डॉलरच्या घरात नेली. अर्ज दाखल झाला की न्यायाधीशाचा निर्णय होईपर्यंत हकालपट्टी आपोआप थांबते, म्हणून पोच मिळालेली प्रत मुलाने जवळ बाळगावी. मात्र असा अर्ज एकदाच करता येतो. घाईघाईत दोन पानी अर्ज टाकून ती एकुलती संधी वाया घालवू नका.

प्रश्न : भाचा तिकडे कंटाळला आहे. तारीख चार महिन्यांनी आहे. तो म्हणतो, तारखेला कशाला थांबू, विमानात बसून घरी येतो, विषय संपला. असं चालेल का? (विजापूर रोड)

घरी यायचं असेल तर जरूर यावं, पण कोर्टाला सांगून. तो निघून आला म्हणून खटला आपोआप मिटत नाही. सरकारी ॲपवर नोंद करून निघाला तरीही नाही. तारखेला खुर्ची रिकामी दिसली की आदेश होऊ शकतो.

अशा आदेशामागून काय काय येतं, ते वेगवेगळं समजून घ्या, कारण लोक सगळ्यांची मिळून 'दहा वर्षांची बंदी' करून टाकतात. आदेश डोक्यावर असताना देश सोडला, किंवा सरकारने पाठवलं, तर साधारणपणे दहा वर्षं प्रवेशबंदी. दुसऱ्यांदा झालं तर वीस. वाजवी कारणाशिवाय सुनावणीला गैरहजर राहिल्याबद्दल पाच वर्षांची बंदी वेगळीच. पहिल्या बंदीत आय-२१२ अर्जाने आधी परवानगी मागता येते, या पाच वर्षांच्या बंदीला तो अर्ज लागू पडत नाही. बेकायदा मुक्काम १८० दिवसांहून जास्त झाला असेल तर तीन वर्षं, वर्ष किंवा त्याहून जास्त झाला असेल तर दहा, ही तिसरी मोजणी. शिवाय तिथेच राहिला आणि पुढे लग्नामुळे ग्रीन कार्डाची वाट खुली झाली, तरी आदेशापासून दहा वर्षं तिथल्या तिथे स्थिती बदलून घेण्याची आणि खटला माफ करून घेण्याची सवलत बंद असते. हे मात्र परिणामांची तोंडी सूचना त्याला समजणाऱ्या भाषेत दिलेली असेल तरच. २०२५ च्या त्याच कायद्याने आणखी एक भर घातली: गैरहजेरीत आदेश झालेला माणूस नंतर पकडला गेला तर किमान ५,००० डॉलर आकार, आदेश रद्द झाला तरच माफ.

आदेश होण्याआधीच देश सोडला असेल तर यातलं नेमकं काय लागू होतं यावर वाद घालता येतो. पण तो वाद पुढे व्हिसाच्या खिडकीवर भाच्याला एकट्याला घालावा लागेल. मुंबईच्या वकिलातीत साध्या पर्यटक व्हिसासाठी जो डीएस-१६० फॉर्म भरतात, त्यात स्वच्छ विचारलेलं असतं की गेल्या पाच वर्षांत अशा सुनावणीला गैरहजर राहिलात का. खोटं 'नाही' लिहिलं तर ती फसवणूक धरली जाते आणि तिची बंदी कायमची असते. आमच्या मते हा फॉर्म दुसऱ्याकडून भरून घेणं हीच सगळ्यात महागडी काटकसर आहे. भरणारा सगळीकडे 'नाही' टिचकावतो आणि सही तुमची असते.

त्यापेक्षा भाच्याने वकिलामार्फत तारीख लवकर मागावी, नाही मिळाली तर ठरल्या तारखेला जावं आणि 'व्हॉलंटरी डिपार्चर', म्हणजे स्वेच्छेने निघून जाण्याची परवानगी, मागावी. खटल्याच्या सुरुवातीलाच मागितली तर १२० दिवसांपर्यंत मिळू शकते, खटला संपताना मागितली तर ६० पर्यंत. मुदतीत निघाला तर नावावर रिमूव्हल ऑर्डर राहत नाही. मुदत मोडली तर दंड होतो आणि दहा वर्षं इतर सवलतीही जातात, म्हणून परवानगी हातात पडली की तिकीट काढायचं.

आधीच निघून आलेल्यांसाठी: नोटीस मिळाली नव्हती या कारणाचा अर्ज देश सोडल्यावरही करता येतो, असा बोर्डाचा २००९ चा निर्णय आहे.

प्रश्न : वडील सोलापुरात अतिदक्षता विभागात होते आणि तारखेच्या आदल्या रात्री वारले. न्यू जर्सीतला भाऊ कोर्टात जाण्याच्या अवस्थेत नव्हता. हे कारण धरतील का? कोणते कागद पाठवू? (होटगी रोड)

आई-वडील, पती-पत्नी किंवा अपत्य यांचा मृत्यू किंवा गंभीर आजार कायद्यातच नाव घेऊन दिला आहे. स्वतःचा गंभीर आजार आणि मारहाण-छळ हेही. चुलते, आजी, सख्खा भाऊ यांचं नाव त्या यादीत नाही. यादी उदाहरणादाखल आहे, त्यामुळे प्रयत्न करता येतो, पण तो चढणीचा रस्ता. वाहतूक कोंडी, झोप लागून राहणं, तारखेचा घोटाळा ही कारणं तर नेहमी फेटाळली जातात. डोकेदुखीचं कारण वैद्यकीय कागदाविना टिकलं नाही, असं १९९८ चं प्रकरण दाखल्यासाठी अजून दिलं जातं.

तुम्ही इथून महापालिकेचा मृत्यूचा दाखला, रुग्णालयाची भरतीपासूनची कागदपत्रं आणि भावाचं वडिलांशी नातं दाखवणारा जन्मदाखला पाठवा. मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर जोडावंच लागतं. त्यासाठी सरकारमान्य भाषांतरकार हवा असं नाही. दोन्ही भाषा नीट येणाऱ्या माणसाने 'मी या भाषांतरास सक्षम आहे आणि हे अचूक आहे' असं लिहून सही केली तर चालतं. स्टॅम्प पेपर, नोटरीचा लाल शिक्का यांवर पैसे घालवू नका. खोटं असल्यास शिक्षेस पात्र राहीन अशा अर्थाचं ठरावीक इंग्रजी वाक्य घालून केलेलं सहीचं निवेदन तिथे चालतं. भारतात सही होत असेल तर त्या वाक्यात 'अमेरिकेच्या कायद्यांन्वये' हे शब्द यायला हवेत. तेवढेच विसरतात.

दाखला निम्मं काम करतो. उरलेलं काम भावाच्या निवेदनाचं. निधनाची वेळ इथली आणि तिथली, दोन्ही द्या. आपल्याकडे पहाट असते तेव्हा तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, आणि दाखल्यावरची तारीख तिथल्या तारखेशी जुळत नाही म्हणून संशय नको. त्या रात्रीच्या फोनची यादी जोडा. कोर्टाला किंवा वकिलाला का कळवता आलं नाही आणि पुढच्या दिवसांत काय केलं, हेही लिहायला हवं. त्याने चौथ्या दिवशी कोर्टात फोन केला असेल तर ते एक वाक्य फार मोलाचं आहे. पाच महिने गप्प बसून १७९ व्या दिवशी केलेला अर्ज मुदतीत बसतो, पण न्यायाधीशाच्या मनात बसत नाही.

प्रश्न : तारीख दुसऱ्या शहरातल्या कोर्टात वर्ग करण्याचा अर्ज दिला आहे. निर्णय आलेला नाही. जुन्या कोर्टात जायला हवं का? (अक्कलकोट रोड)

हो. मंजुरीचा कागद हातात येईपर्यंत जुनी तारीख जिवंत असते. मुदतीच्या अर्जाचंही तसंच.

प्रश्न : आमच्या घरात तेलुगू बोलतात, शाळा मराठीत झाली, इंग्रजी जेमतेम. मेहुण्याला कोर्टात हिंदीचा दुभाषी देतात म्हणे. तो आणि बायको दोघांचं एकच प्रकरण आहे, तर एकट्याने जाऊन चालेल का? (अशोक चौक)

दुभाष्याचा खर्च कोर्ट करतं. भाषा आपण सांगायची असते, आणि ती पहिल्याच छोट्या सुनावणीत, ज्याला 'मास्टर' म्हणतात. ज्या भाषेत माणूस भांडतो, हिशेब करतो, ती सांगावी. मेहुण्याची ती तेलुगू असेल तर तेलुगू, मराठी असेल तर मराठी. हिंदी सिनेमा कळतो म्हणून हिंदीला मान डोलावू नये. न्यायाधीश पुढची तारीख आणि गैरहजेरीचे परिणाम तोंडी सांगतात, ते नोंदीवर जातं, आणि 'समजलं का' याला 'हो' म्हटलं की नंतर समजलं नव्हतं म्हणता येत नाही. समजलं नसेल तर तिथेच तसं सांगायचं. लाजायचं नाही.

बायकोबद्दल मात्र सावध राहा. अर्ज एक असला तरी प्रत्येकाचा ए-नंबर वेगळा, म्हणजे प्रत्येकाची हजेरी वेगळी. नवरा न्यायाधीशासमोर उभा आणि त्याच दिवशी बायकोवर गैरहजेरीत आदेश, असं होऊ शकतं. लहान मुलांची हजेरी माफ करून घेता येते, पण ती आधी मागून. नोटिशीवर ज्यांची नावं आहेत ते सगळे जाणार, हेच धरून चाला.

प्रश्न : व्हिडिओवरची सुनावणी होती, लिंकच उघडली नाही. (सात रस्ता)

पडद्याचे फोटो वेळेसकट काढा, पत्रावरच्या कोर्टाच्या फोन नंबरवर लगेच लावा, कुणाशी किती वाजता बोललात ते टिपून ठेवा. कोर्ट जवळ असेल तर सरळ तिकडे निघा. उशिरा पोचलात तरी न्यायाधीश अजून बसलेले असू शकतात, निदान आल्याची नोंद करून मागता येते. आणि पत्र पुन्हा वाचा: सुनावणी व्हिडिओवर असल्याचं त्यात लिहिलेलं नसेल तर ती प्रत्यक्षच असते. मागच्या वेळी व्हिडिओवर झाली होती हा पुरावा नाही.

प्रश्न : मुलगी म्हणते, कोर्टात गेलेल्यांनाच दारात पकडतात. मग जायचं कशाला? (नवी पेठ)

भीती खोटी नाही. मे २०२५ पासून अनेक शहरांत आइसच्या, म्हणजे इमिग्रेशन कायद्याखाली धरपकड करणाऱ्या खात्याच्या, अधिकाऱ्यांनी सुनावणीहून बाहेर पडणाऱ्यांना कोर्टाच्या व्हरांड्यातच ताब्यात घेतलं. तरी हिशेब असा आहे: गेली तर अटकेची शक्यता, न गेली तर आदेश जवळजवळ ठरलेला. आणि आदेश झाल्यावर पकडली गेली तर प्रकरण पुन्हा उघडून घेतल्याशिवाय न्यायाधीशासमोर काही मांडायची संधीही उरत नाही.

वकिलामार्फत व्हिडिओ सुनावणी मागावी, मंजूर होईपर्यंत प्रत्यक्ष जाण्याची तयारी ठेवावी. त्या काळात एक प्रकार वारंवार दिसला: सरकारी वकील स्वतःहून खटला काढून टाकण्याची विनंती करतो, ऐकणाऱ्याला सुटलो असं वाटतं, आणि बाहेर अधिकारी उभे असतात, कारण खटला गेला की काही जणांना सुनावणीविना परत पाठवण्याची झटपट पद्धत लावता येते. अशी विनंती झाली तर लगेच हो म्हणू नये. लेखी उत्तरासाठी वेळ मागावा. जाताना वकिलाचा आणि एका नातेवाइकाचा नंबर पाठ असावा, फोन काढून घेतात. तिचा ए-नंबर तुमच्याकडे लिहून ठेवा. आइसच्या ऑनलाइन शोधसेवेत ए-नंबर आणि जन्मदेश टाकला की तिला कुठे ठेवलं आहे ते शोधता येतं.

प्रश्न : ज्याला पैसे दिले त्याने तारीख चुकीची सांगितली. आता तो फोन घेत नाही. (मुरारजी पेठ)

तो खरोखर वकील होता का, हे आधी बघा. तिथल्या प्रत्येक राज्याच्या बारची, म्हणजे वकिलांची नोंदणी करणाऱ्या संस्थेची, यादी ऑनलाइन असते. 'कन्सल्टंट', फॉर्म भरून देणारा, ट्रॅव्हलवाला हे वकील नसतात. वकील असेल तर त्याने कोर्टात ईओआयआर-२८, म्हणजे आपल्याकडचं वकीलपत्र, दाखल केलेलं असतं. ते असलं की कोर्टाची पत्रं त्यालाच जातात आणि त्याला मिळालं ते तुम्हाला मिळालं असं धरतात.

वकिलाच्या चुकीवरून अर्ज करायचा तर बोर्डाच्या १९८८ च्या लोझादा निर्णयातल्या तीन गोष्टी पुऱ्या कराव्या लागतात. काय ठरलं होतं आणि काय घडलं याचं सविस्तर प्रतिज्ञापत्र. त्या वकिलाला आरोप लेखी कळवून उत्तराची संधी. आणि राज्याच्या बारकडे तक्रार, किंवा ती का केली नाही याचं पटेल असं कारण. तक्रार नको, ओळखीतला आहे, म्हणून आपली माणसं इथे कच खातात आणि अर्ज तिथेच लंगडा पडतो. त्याच्याशी झालेले व्हॉट्सॲपवरचे निरोप पुसू नका. चुकीच्या तारखेचा तो एक निरोप, दिनांक दिसेल असा छापून, भाषांतरासह जोडा. पैसे बँकेतून गेले असतील तर ती नोंदही. आणि कोर्टाची तारीख यापुढे कुणाच्या तोंडून घेऊ नका, ए-नंबर टाकून दर आठवड्याला स्वतः तपासा.